बेडूकउड्या आणि ठेका

महोदय,
स्नेहसंमेलनं जवळ आली की बालवाडीतली मुलंसुद्धा महिनाभर मोठ्यांच्या उडत्या गाण्यांवर ठरलेल्या स्टेप्स घोटतात. ठेका छानच असतो, पण निम्मी मुलं विंगेतल्या बाईंकडे बघत उभी! त्यापेक्षा अभिनयगीतं बरी. 'बेडूक' म्हटलं की माझी नात उकिडवी बसून घरभर उड्या मारते (खालच्या मजल्यावरच्यांची तक्रार येते, ते सोडा). तेच गाणं मोबाइलवर लावलं की सोफ्यावर पुतळा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच सांगितलं आहे, तीन-चार वर्षांच्या मुलांची दिवसाला किमान १८० मिनिटं हालचाल व्हावी. वर्गात रोज फेर धरायला, टाळ्या वाजवत नाचायला स्पीकर कशाला? एक ढोलकी पुरते, आणि गाणारी बाई.

– एक आजी, सातारा