तंजावरच्या मुक्कामाविषयी

सांगली

चि. गार्गी हिस आईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

सरस्वती महाल ग्रंथालयातील मोडी कागद पाहण्यासाठी तुला महिनाभर तंजावरला राहायचे आहे आणि शिष्यवृत्तीच्या रकमेत खोलीभाडे, जेवणखाण, झेरॉक्स हे सारे बसवायचे आहे, असे तू कळवलेस. सोबत लॉजांची छायाचित्रे पाठवून ‘यांतले कोणते घेऊ’ असेही विचारलेस. फोनवर घाईने उत्तर देण्यासारखा हा प्रश्न नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे. विमा कंपनीच्या लेखापरीक्षणाच्या कामासाठी तंजावर, कुंभकोणम, कारैक्कुडी या भागातील साध्या लॉजांत मी नोकरीच्या काळात पुष्कळ राहिले आहे आणि त्या राहण्याबद्दल माझी काही पक्की मते झालेली आहेत. त्यातले पहिले हे, की छायाचित्रावरून लॉज निवडू नये. पलंगावर हंसाच्या आकारात घडी घातलेला टॉवेल छायाचित्रात छान दिसतो. नळाला पाणी किती वाजता येते, हे त्यात दिसत नाही.

आधी गावाची ठेवण समजून घे. रेल्वे स्टेशन दक्षिणेला आहे. तेथून गांधीजी रोड सरळ उत्तरेला निघतो, कालव्यावरचा पूल ओलांडतो आणि जुन्या बसस्थानकाच्या बाजूला येतो. तेथून पश्चिमेला थोड्या अंतरावर बृहदीश्वराचे देऊळ आणि ईशान्येकडे राजवाडा लागतो. ग्रंथालय राजवाड्याच्याच आवारात आहे. स्टेशनपासून राजवाड्यापर्यंतचा हा सगळा पट्टा चालण्याजोगा आहे आणि तुझा लॉज याच पट्ट्यात असला पाहिजे. नवे बसस्थानक मात्र गावाबाहेर, नैर्ऋत्येला आहे. तेथील लॉज नवे, टाइल्स चकचकीत आणि भाडेही थोडे कमी असे दिसेल, परंतु रोज दोन वेळा रिक्षा करावी लागली, की ती बचत आठवड्याच्या आत संपते. शिवाय दुपारी ग्रंथालयातून खोलीवर येऊन तासभर पाठ टेकण्याची सोय जाते, जी तंजावरच्या उन्हात चैनीची गोष्ट नव्हे. तेव्हा जे काही जास्तीचे दोनशे-तीनशे रुपये द्यायचे असतील ते जागेसाठी दे. डिसेंबर-जानेवारीत जाणार असशील तर एसीही नको, पंखा पुरतो. ऑक्टोबर ते डिसेंबर हा तिकडचा पावसाळा असतो, त्यामुळे त्या महिन्यांत तळमजल्यावरची खोली घेऊ नकोस. ओल आणि डास दोन्ही खाली जास्त असतात.

म्हैसूरहून बेंगळुरूमार्गे येणाऱ्या गाडीने गेलीस, तर तंजावरला पहाटेच उतरशील. मोठ्या हॉटेलांत दुपारी बारापर्यंत ताटकळावे लागते. तमिळनाडूतील अनेक साध्या लॉजांत मात्र चोवीस तासांचा हिशेब असतो, म्हणजे पहाटे साडेपाचला खोली घेतली तर दुसऱ्या दिवशी साडेपाचपर्यंत एक दिवस. हे सोयीचे वाटते खरे, पण महिनाभर राहणाऱ्याने ही वेळ आरंभीच बोलून बदलून घ्यावी, नाहीतर निघण्याच्या दिवशी तुझी गाडी रात्री असेल आणि तुला पहाटेपासूनचे एक पूर्ण भाडे अधिक द्यावे लागेल. काउंटरवर बसलेल्या माणसाला हे सरळ सांगितले, तर तो सहसा ऐकतो.

एकट्या मुलीला खोली देण्याबाबत काही लॉजवाले आजही कां-कूं करतात. कायद्याने त्यांना तसे काही सांगितलेले नाही. नसती उठाठेव नको, एवढाच त्यांचा विचार असतो. मलाही एका गावी, हातात कंपनीचे पत्र असताना, ‘फॅमिलीला देतो’ असे सांगून परत पाठवले होते, आणि मी तेथे वाद न घालता शेजारच्या लॉजमध्ये गेले. वाद घालून मिळवलेल्या खोलीत रात्री शांत झोप लागत नाही, असे माझे मत आहे. तू तुझे ठरव. विद्यापीठाचे पत्र आणि ग्रंथालयाने दिलेली परवानगी यांच्या दोन-दोन प्रती जवळ ठेव. आधारची प्रत मागतील, ती शेवटचे चार अंकच दिसतील अशी झाकलेली दे आणि तिच्यावर तारीख व लॉजचे नाव घालून मगच हातात दे. नोंदवहीत कोठून आला, कोठे जाणार, कामाचे स्वरूप काय, असे बरेच रकाने असतील. ते पूर्ण आणि खरे भर, फक्त मोबाइल क्रमांकाच्या जागी माझा क्रमांक लिही. ती वही काउंटरवर उघडी पडलेली असते आणि येणारा-जाणारा ती चाळू शकतो.

पहिल्या दिवशी महिन्याचे भाडे आगाऊ देऊ नकोस. दोन रात्रींचे दे, राहून पाहा, मग महिन्याचा भाव ठरव. पैसे देण्यापूर्वी खोली पाहायला माग आणि पाहताना संकोच करू नकोस. दाराला आतून कडी आहे ती नुसती लावून न बघता, लावल्यावर दार ओढून बघ. जुन्या दारांत कडी बसते, पण लाकूड आक्रसल्यामुळे फट राहते. बाथरूमच्या वरच्या झडपेला जाळी आहे का, खिडकी रस्त्यावर उघडते की बाहेरच्या व्हरांड्यात, हे पाहा. व्हरांड्यात उघडणारी खिडकी दिवसभर बंदच ठेवावी लागते आणि त्या खोलीला कुबट वास येत राहतो. नळ सोडून पाणी अर्धी बादली भरेपर्यंत थांब, म्हणजे धार टिकते की नाही ते कळेल. उशी उचलून तिचा वास घे. गरम पाणी बहुतेक ठिकाणी सकाळी सहा ते आठच असते, ते नळाने येते की बादलीने आणून देतात, हेही विचारून घे. वीज गेल्यावर जनरेटरवर पंखा चालतो की नुसता दिवा, हा प्रश्न मी दर वेळी विचारीत असे आणि त्याचे उत्तर देताना माणूस किती खरे बोलतो, त्यावरून बाकीच्या गोष्टींचा अंदाज बांधत असे.

पलंगावर एक पांढरी चादर अंथरलेली असेल, पांघरायला मात्र अनेक ठिकाणी काहीच मिळत नाही. आपली सोलापुरी चादर ने. तिच्या घडीत कपडे वाळत घालायची दोरी, दोन खिळ्यांचे हुक आणि एक लहान कुलूप बसेल. लॉजच्या कुलपाची दुसरी किल्ली काउंटरवर असते, म्हणून ग्रंथालयात जाताना कागदपत्रे व लॅपटॉप बॅगेत घालून तिला स्वतःचे कुलूप लाव. पिण्याच्या पाण्याच्या छोट्या बाटल्या रोज विकत घेऊ नकोस. वीस लिटरचा कॅन खोलीवर आणून देतात, तो आठवडाभर पुरतो.

महिना कोणता निवडावा, याबद्दल तू काही विचारलेले नाहीस, पण खोलीच्या दृष्टीने ती मोठी बाब आहे. तिकडच्या बऱ्याच लॉजांना लागून मंगल कार्यालय असते. लग्नाच्या तिथींना सगळ्या खोल्या वऱ्हाडाला जातात, पहाटेपासून नादस्वरम आणि तविल ही सनई-ढोलासारखी वाद्ये सुरू होतात, आणि महिन्याचा भाव ठरवून राहणाऱ्या माणसालाही ‘दोन दिवस वरच्या मजल्यावर जा’ असे सांगण्यात येते. आडी म्हणजे साधारण मध्य जुलै ते मध्य ऑगस्ट आणि मार्गळी म्हणजे मध्य डिसेंबर ते मध्य जानेवारी, या दोन तमिळ महिन्यांत लग्ने सहसा होत नाहीत. मला मार्गळी बरी वाटते. हवा सुखद असते आणि भावात थोडे बोलता येते. फक्त पहाटे देवळांचे कर्णे लागतील, त्यासाठी कानात घालायला कापूस ठेव. बहुधा जानेवारीत, पौष वद्य पंचमीला, जवळच्या तिरुवैयारू येथे संतसंगीतकार त्यागराजांची आराधना असते. त्या सुमारास संगीताच्या लोकांनी लॉज भरतात, तेव्हा ती तारीख पंचांगात पाहूनच खोली ठरव.

प्रवाशाने कोठे उतरावे, हा प्रश्न या गावाला नवा नाही, आणि तुझ्या अभ्यासाशी त्याचा संबंध असल्यामुळे थोडे विषयांतर करते. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकात तेथे राज्य स्थापले आणि ते १८५५ साली संपले. या काळात भोसल्यांनी रामेश्वरच्या वाटेवर छत्रे, म्हणजे धर्मशाळा, बांधली. यात्रेकरूने उतरावे, जेवावे आणि पुढे जावे, भाडे काही नाही. ओरत्तनाडूचे मुक्तांबाळ छत्र त्यातले प्रसिद्ध. त्याच घराण्यातील राजे दुसरे सरफोजी यांनी १८०१ साली इंग्रज रेसिडेंटला, म्हणजे दरबारातील ईस्ट इंडिया कंपनीच्या प्रतिनिधीला, पाठवलेल्या पत्रात या छत्रांचे वर्णन आहे. सर्व जातींच्या प्रवाशांना तेथे अन्न मिळे, मध्यरात्री घंटा वाजवून ‘कोणी जेवायचे राहिले असेल तर यावे’ अशी हाक दिली जाई, आजाऱ्यांसाठी वैद्य असत आणि परक्या मुलखात अनाथ झालेल्या मुलांना शिकवण्याचीही सोय असे. राज्याचा कारभार कंपनी सरकारच्या हाती गेल्यावर सरफोजींकडे किल्ला आणि आजूबाजूचा थोडा मुलूख एवढेच राहिले होते, तरी छत्रांचा कारभार आपल्याकडे राहावा यासाठी ते लिहीत राहिले. मोडी दफ्तरात छत्रांच्या खर्चाचे कागद हाती लागले, तर तांदूळ, ताक, वैद्याचा पगार अशा नोंदी मला अवश्य उतरवून पाठव. लेखापरीक्षकाला त्या वाचायला आवडतील.

जेवणाची काळजी मी करत नाही. सकाळी इडली, वडा किंवा पोंगल, दुपारी केळीच्या पानावरचे ‘मील्स’, रात्री डोसा, यांत पोट भरते आणि खिशालाही परवडते. लॉजच्या तळमजल्यावर खानावळ असेल तर तेथेच सगळी जेवणे घे असे नाही. दुपारी एकच्या सुमारास जेथे स्थानिक नोकरदार पानावर बसलेले दिसतील तेथे बस. ‘मेस’ अशी पाटी असलेल्या लहान जागा बहुधा चांगल्या असतात. ‘मिलिटरी हॉटेल’ म्हणजे सामिष, हे ध्यानात ठेव. सकाळच्या कॉफीसाठी लॉजमधला मुलगा हातात थर्मास घेऊन खाली जातो आणि वाफाळती फिल्टर कॉफी आणतो. डबऱ्यात, म्हणजे पेल्याखालच्या पसरट वाटीत, ओतून, पुन्हा पेल्यात ओतून ती त्या मुलासमोरच निवव, कारण पेला आणि डबरा त्याला लगेच परत न्यायचा असतो. त्याला रोज पाच-दहा रुपये देण्यापेक्षा आठवड्याला एकदम दे. सांबाराचा शोध तंजावरच्या मराठी दरबारात लागला, अशी कथा तुला तेथे कोणीतरी सांगेलच. ती ऐकून घे, प्रबंधात घालू नकोस.

भाषेची अडचण वाटते तेवढी येत नाही. काउंटरवर मोडके इंग्रजी चालते, खोली झाडणाऱ्या बाईंना ‘अक्का’ आणि पाणी आणणाऱ्यास ‘अण्णा’ म्हटले की निम्मे काम होते, आणि ‘वेन्नीर’ म्हणजे गरम पाणी, एवढा शब्द पहिल्याच सकाळी लागेल. गावात अजूनही मराठी बोलणारी जुनी घराणी आहेत. त्यांचे बोलणे तमिळ वळणाचे असते. ते ऐकताना हसू नकोस आणि त्यांची भाषा सुधारू नकोस. त्यांच्यापैकी कोणी घरी राहायला बोलावले, तरी जेवायला जा, राहायला जाऊ नकोस. काम पहाटे नाहीतर रात्री करायची तुझी सवय परक्या घराला जड होईल.

देऊळ पाहायला पहिल्याच संध्याकाळी जा. दुपारी ते बंद असते आणि उघडते तेव्हाही आवारातले दगड तापलेले असतात. राजराज चोळाने १०१० साली पुरे केलेल्या त्या देवळाच्या भिंतीवर सरफोजींनी १८०३ साली कोरवलेला भोसले वंशाचा मराठी लेख आहे. देवनागरीत असल्यामुळे तो तुला भिंतीपाशी उभे राहून वाचता येईल. तेथून लॉजपर्यंत चालत ये, म्हणजे अंधारात त्या रस्त्यावर दिवे आणि वर्दळ किती असते तेही कळेल. बाकी हिंडण्यासाठी साध्या भाड्याच्या शहर बसमध्ये तमिळनाडूत २०२१पासून बायकांना तिकीट पडत नाही. रिक्षाला मीटर नसतो. भाडे आधी ठरव.

हिशेबाचे शेवटचे. भाडे रोख दिले तरी पावती छापील आणि क्रमांक घातलेली घे, तारखा स्पष्ट लिहून घे. साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५पासून जीएसटी ५ टक्के आहे, पूर्वी तो १२ टक्के होता. कोणी जुन्या दराने बिल केले तर नम्रपणे दाखवून दे. लॉज जीएसटीखाली नोंदलेला नसेल तर त्याला तो कर घेताच येत नाही. बिलावर नोंदणी क्रमांक नसेल आणि कर मात्र लावलेला असेल, तर ते बिल विद्यापीठही नाकारील. महिन्याचा भाव ठरल्यावर रोजच्या झाडलोटीचे, दर आठवड्याच्या चादरीचे आणि पाण्याच्या कॅनचे पैसे त्यात आहेत की वेगळे, हे बिलाच्या मागे लिहून घे.

लॉज ठरला की त्याचा पूर्ण पत्ता, काउंटरचा क्रमांक आणि तुझ्या खोलीचा मजला मला कळव. बाबा म्हणतात की सोबत येऊन पहिले दोन दिवस राहतो. तुला हवे असेल तर त्यांना तसे सांग, नको असेल तर तेही तूच सांग. मी मध्ये पडणार नाही.

तुझी,
आई