आत्याचे हात हातात घेणाऱ्या ताईंना

ताई,
सप्रेम नमस्कार.

मी त्या आत्याची भाची, जिचा अंगठा मशीनवर उठत नव्हता. एवढ्या खुणेवर ओळख पटणार नाही, कारण तुमच्याकडं येणाऱ्या कितीतरी म्हाताऱ्या माणसांचं तेच गाऱ्हाणं असतं. काठीला लाल फडकं बांधलेली, कळंब तालुक्यातली, असं सांगितलं की पटेल.

त्या दिवशी म्हाताऱ्या माणसांसाठीच्या तुमच्या केंद्रात आभार मानायला तोंड उघडलं, तर ‘आधी जेवून घ्या’ म्हणत तुम्ही मला पंगतीत बसवलंत. राहिलेलं बोलणं म्हणून आज सगळ्यांसमोर लिहितेय.

आत्याचं वय ७१. १९७२ च्या दुष्काळात ती नवी नवरी होती, तेव्हा दुष्काळी कामावर खडी फोडली. पुढं तीस-बत्तीस वर्षं मामांच्या जोडीनं ऊसतोडीचा कोयता. मुकादमाची उचल घ्यायची, दसरा झाला की बिऱ्हाड ट्रकमध्ये टाकायचं आणि उन्हाळा लागेपर्यंत मोळ्या बांधायच्या. त्यातच बोटांवरच्या रेषा झिजून गेल्या. आता मामा नाहीत. मुलं-सुना दरवर्षी कारखान्यावर जातात आणि वस्तीवर म्हातारी माणसं तेवढी उरतात.

श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १,५०० रुपये यायचे, त्यावर तिचं मीठ-मिरची आणि बीपीच्या गोळ्या चालायच्या. ते बंद पडले. हयातीच्या पडताळणीला अंगठा लावायला गेली, तर उठेना. तीन हेलपाटे झाले. एका ठिकाणी तिला सांगितलं, ‘आजी, तुम्ही मशीनमध्ये येईनात.’ रात्री तिचा फोन आला, “माय, मी जित्ती हाय, हे आता कुनाला सांगू?” मी लातुरात शाळेवर शिकवते. मी काय म्हणाले? ‘हात साबणानं धुऊन पुन्हा लाव.’ त्या उत्तराची मला आजही लाज वाटते.

तुम्ही तिला खाटेवर बसवलंत, पाणी दिलंत, तिचे दोन्ही हात हातात घेऊन उलटेपालटे पाहिलेत आणि विचारलंत, “मावशी, किती वर्षं कोयता धरला?”

आत्या हेच मला पुन्हा पुन्हा सांगते. पैसे सुरू झाल्याचं नंतर सांगते, कधी कधी सांगायचं विसरतेसुद्धा. इतक्या ठिकाणी तिचा अंगठा पाहिला गेला, पण तो असा का झाला हे विचारणाऱ्या तुम्ही पहिल्याच.

आधारच्या नोंदीत डोळ्यांची बुबुळंही असतात आणि बोटं जुळली नाहीत तर डोळ्यांवरून पडताळणी होऊ शकते, हे मला ठाऊक नव्हतं. तुम्ही तशी मशीन कुठं आहे ते शोधलंत, एसटीनं तिला घेऊन गेलात, परतताना बँकेत थांबून खातं आधारला जोडलेलं आहे ना, तेही पाहून आलात. तुमचा अख्खा दिवस गेला असणार.

मग मी तुमचं केंद्र पाहायला आले. पत्र्याच्या दोन खोल्या, सतरंजी, दारात रांजण. दुपारी ज्वारीची भाकरी आणि वरण. ज्यांना दात नाहीत त्यांची भाकरी तुम्ही आधीच वरणात कुस्करून ठेवता, म्हणजे कुणाला मागायला नको. हे पाहून मला बोलता येईना. एक आजोबा आपल्या ताटातला कांदा शेजारच्याला देत होते, रोजचाच असावा तो व्यवहार.

आणि ती तुमची वही! प्रत्येकाला एक पान. बीपी किती, गोळ्या कधी संपतात, उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत कधीपर्यंत, आणि सगळ्यात खाली लेकाचा फोन नंबर आणि तो यंदा कुठल्या कारखान्यावर आहे ते. रविवारी संध्याकाळी तुम्ही तिकडच्या कोप्यांवर, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपड्यांवर, फोन लावून देता. पलीकडून नातवाचा आवाज आला की आत्या फोन कानाला न लावता तोंडासमोर धरते आणि ओरडते. सगळी खोली ऐकते, आणि कुणाची तक्रार नसते.

ज्यांचे आई-वडील, आत्या-मावशी गावाकडं एकटे आहेत, त्यांना इथंच सांगते: योजनेचा पगार बंद झाला तर त्यांना एकट्याला रांगेत पाठवू नका. मी पाठवलं होतं.

येळवस, म्हणजे आमच्याकडची वेळ अमावस्या, जवळ आलीय. आत्याला शेत नाही, पण शेजाऱ्यांच्या रानात तिला दरवर्षी बोलावणं असतं. यंदा तिनं आधी तुमच्याकडं यायचं ठरवलंय. भज्जी, उंडे आणि अंबिलाचं बिंदगं मी आणणार, ती काठी घेऊन पुढं चालणार. तिचा निरोप तिच्याच शब्दांत: “ताईला म्हनावं, त्या दिवशी सैपाक करू नको. आमी घेऊन यायलोत.”

तुमची,
आत्याची भाची
लातूर