नोंदवहीतला रिकामा रकाना

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

परदेशी संग्रहालयांतल्या वस्तू परत कराव्यात की नाही, यावर आपल्या दैनिकात वाचकांची पत्रं येत आहेत. ‘पैसे मोजून घेतल्या, मग चोरी कसली?’ असं एकानं विचारलंय. मी या विषयातला जाणकार नाही. पण एका महाविद्यालयाच्या भांडारात एकतीस वर्षं डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे टिकाऊ वस्तूंची नोंदवही, लिहिलंय. वस्तू, तिच्यावरचा नंबर आणि वहीतली ओळ यांचा संबंध मला कळतो. लेकीकडे इंग्लंडला गेलो तेव्हा ऑक्सफर्ड विद्यापीठाचं पिट रिव्हर्स संग्रहालय पाहिलं, तेही याच डोळ्यांनी.

तिथं जायचं तर आधी विद्यापीठाच्याच निसर्गविज्ञान संग्रहालयात शिरावं लागतं. प्रवेश फुकट. डायनोसॉरचे सांगाडे मागे टाकून पलीकडच्या दारातून आत गेलं की एकदम काळोखी. डोळे सरावले की दिसतात ती कपाटंच कपाटं, एकमेकांना खेटून, तीन मजले. 1884 साली जनरल पिट रिव्हर्स यांनी आपला हजारो वस्तूंचा संग्रह विद्यापीठाला दिला. वस्तू देशानुसार न लावता प्रकारानुसार लावायच्या, ही त्यांची पद्धत होती आणि ती आजही चालू आहे. बासऱ्या एकीकडे, मुखवटे एकीकडे, होड्या एकीकडे. साध्या वस्तूपासून सुधारलेल्या वस्तूपर्यंत माणसाची शिडी दाखवायची, असा जनरलसाहेबांचा बेत. शिडीच्या वरच्या पायरीवर कोण, हे सांगायला नको. कुलपांच्या कपाटापुढं उभा राहिलो तेव्हा मला ती शिडी काही दिसेना. चोराची भीती सगळीकडे सारखीच, एवढं कळलं.

मी मात्र रमलो लेबलांत. कागदाचे चिमुकले तुकडे, त्यावर शाईनं मुंगीएवढी अक्षरं. काही ठिकाणी तर वस्तूच्या अंगावरच लिहिलेलं. लेक मोबाइलची बॅटरी धरून उभी, मी चष्मा वरखाली करत वाचतोय. कपाटांखालचे खणही पाहुण्यांना उघडू देतात. आमच्या भांडारात असं कुणी केलं असतं तर मी त्याचा हातच धरला असता!

क्रमांकांची पद्धत आवडली. हायडा लोकांचा अकरा मीटरहून उंच कोरीव खांब तिथं उभा आहे, कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरून आणलेला. त्याचा क्रमांक 1901.39.1. म्हणजे कोणत्या साली आला, त्या साली आलेला कितवा संग्रह आणि त्यातली कितवी वस्तू. तीन आकड्यांत सगळं. असं रजिस्टर मला लिहायला मिळालं असतं तर ऑडिटच्या आदल्या रात्री झोप लागली असती.

आता मुद्दा. एका कपाटात रुपेरी काचेची छोटी बाटली आहे, इंग्लंडातल्याच एका म्हातारीकडून 1915 च्या सुमारास मिळालेली. आत चेटकीण कोंडलीय, बाहेर सोडाल तर भलतंच संकट ओढवेल, असं म्हातारी म्हणाली. तिचे शब्द तिच्या गावरान बोलीसकट टिपून ठेवलेत. वाचून हसू आलं, आणि म्हातारी डोळ्यांपुढं उभी राहिली.

मग ईशान्य भारतातल्या नागा जमातींच्या वस्तू शोधल्या. नागा संग्रह साडेसहा हजारांच्या आसपास आहे. त्यातला मोठा भाग हटन आणि मिल्स या दोघांनी जमवलेला. मी वाचलेल्या लेबलांवर जमात होती, प्रदेश होता, जमवणाऱ्या साहेबाचं नाव होतं. वस्तू कुणी केली, देताना तो माणूस काय म्हणाला, काही नाही. हटन आणि मिल्स इंग्रजी अमदानीत नागा टेकड्यांतले सरकारी अधिकारी होते. ज्याच्या हातात प्रशासन, तोच गिऱ्हाईक. त्याला ‘विकायचं नाही’ असं सांगायची सोय कितपत असेल? आमच्याकडे साहेबानं हाताखालच्या माणसाकडून काही विकत घेतलं असतं तर ऑडिटरनं पहिलं बोट तिथंच ठेवलं असतं, पावती असली तरी. त्या पत्रलेखकांना माझं एवढंच उत्तर आहे.

या संग्रहालयानं 2020 मध्ये शंभरावर मानवी अवशेष कपाटांतून काढून घेतले. त्यात दक्षिण अमेरिकेतली प्रसिद्ध आकसवलेली मुंडकी होती, तसेच नागांकडून आणलेले अवशेषही. ती पाहायला मिळत नाहीत म्हणून एक पाहुणा कुरकुरत होता. मला काही कमी वाटलं नाही. माणसाचं डोकं डेडस्टॉकमध्ये चढवायची वस्तू नव्हे. पूर्वजांचे अवशेष परत नेण्याबाबत नागांची संग्रहालयाशी बोलणी चालू आहेत आणि त्यांचं शिष्टमंडळ 2025 मध्ये ऑक्सफर्डला येऊन गेलं. अवशेष परत जावेत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

बाकी वस्तूंचा निवाडा एका फटक्यात होणार नाही, ओळीओळीनं वही तपासावी लागेल. ‘सगळं परत द्या’ म्हणणाऱ्यांना हे काम कंटाळवाणं वाटेल, आहेच ते. एक विनंती मात्र कारकुनाची. परत दिलेल्या वस्तूचं निर्लेखन करून ओळ खोडू नये. क्रमांक तसाच ठेवावा आणि शेऱ्याच्या रकान्यात कुणाला, कधी दिली ते लिहून घेणाऱ्याची सही घ्यावी. सही करताना तो काही बोलला, तर म्हातारीसारखे त्याचेही शब्द त्याच्याच बोलीत टिपून ठेवावेत.

आपला,
एक निवृत्त भांडारपाल