पेन्सिलीने लिहिलेली एक ओळ

ती. गुरुजींना,
शिरसाष्टांग नमस्कार.

काल लघुप्रबंध जमा केला. पोचपावती पिशवीत ठेवली, बाहेर पायरीवर येऊन बसले आणि सगळ्यात आधी तुमची आठवण आली. ऋणनिर्देशाच्या पानावर तुम्ही नाव घालू दिलं नाहीत. "माझं कशाला? आबासाहेबांचं लिहितेस ना, तेवढं नीट लिही," म्हणालात. तुमचा शब्द मी मोडला नाही, पण मनावरचं ओझं काही उतरेना. म्हणून हे पत्र चारचौघांसमोर लिहिते आहे. यातही तुमचं नाव नाही.

आबासाहेबांचा, म्हणजे गणपतराव देशमुखांचा विषय मी हट्टाने घेतला होता. सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोला तालुक्यात वाढलेल्या मुलीला "अकरा वेळा आमदार, एकच मतदारसंघ, एकच पक्ष" हे पाढ्यासारखं पाठ असतं. शेतकरी कामगार पक्षाचा लाल बावटा त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही आणि आमदार असूनही ते एसटीने फिरत, हे सांगणारी माणसं आमच्याकडे घरटी सापडतात. मला वाटलं होतं, साहित्याला काय तोटा! बसले आणि तक्ता आखला. १९६२ ते २०१४ या काळात विधानसभेच्या सार्वत्रिक निवडणुका झाल्या बारा. त्यांतल्या १९७२ आणि १९९५ मध्ये आबासाहेब हरले. बारातून दोन गेले, उरले दहा.

अकरा कुठून आले?

गुरुजी, हा प्रश्न घेऊन मी चार महिने फिरले. शिकल्यासवरल्या, खुर्चीवर बसलेल्या माणसांनी मला काय उत्तरं दिली ती आज सांगते, कारण त्यांचा सल अजून गेलेला नाही. एक जण म्हणाले, "सगळे अकरा म्हणतात ना, मग अकरा लिहा. कोण मोजायला बसलंय?" त्यांच्याच शेजारच्यांनी तर "सलग अकरा लिहा, भारदस्त वाटतं," असाही सल्ला दिला. एका कार्यालयात तिसऱ्या खेपेला मान वर न करताच विचारण्यात आलं, "कुठल्या पक्षाचं काम करता?" आबासाहेबांच्या आठवणींवर तासतासभर भाषण करणाऱ्या एका पुढाऱ्यांकडे गेले, तर सगळ्यांसमोर म्हणाले, "तुमच्याच तालुक्याचा माणूस आणि तुम्हालाच माहीत नाही?" त्यांनाही ते माहीत नव्हतं, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मात्र मी मान खाली घालून निघाले. एसटीत खिडकीशी बसून विषय बदलायचा विचार पक्का केला होता.

तुमच्याकडे आले ती खरं तर दुसऱ्याच कामासाठी. जुन्या काळी निवडणुकीत शिक्षकांना काय काय करावं लागायचं, एवढंच विचारायचं होतं. तुम्ही पडवीत चटई टाकलीत, चष्मा पुसलात आणि "आधी तुझी वही दाखव," म्हणालात. चार महिन्यांत माझी वही बघायला मागणारे तुम्ही पहिलेच. तक्त्यावरून तुमचं बोट सालं मोजत खाली येत होतं. १९७२ आणि १९७८ च्या मध्ये ते थांबलं.

"इथं एक साल राहिलंय. चुहात्तर. पोटनिवडणूक झाली होती. माझी नोकरीतली पहिली इलेक्शन ड्युटी, कशी विसरेन?"

इतकं साधं होतं. निवडणूक आयोगाचे निकालाचे अहवाल सार्वत्रिक निवडणुकांचे असतात, पोटनिवडणूक त्यात नसते. मी ते अहवाल समोर ठेवून तक्ता केला होता, म्हणून माझी बेरीज दहावर अडत होती. सलग अकरा लिहा म्हणणाऱ्यांच्या वाटेला ना ते दोन पराभव आले होते, ना ही पोटनिवडणूक.

पण गुरुजी, माहिती दिलीत म्हणून हे पत्र लिहिलेलं नाही. तुम्ही त्यानंतर जे केलंत, ते माझ्या मनातून जात नाही. माझ्या हातात पेन होतं. ते न घेता तुम्ही उठून आत गेलात, नातवाच्या दप्तरातून पेन्सिल आणलीत आणि त्या दोन ओळींच्या मधल्या जागेत बारीक अक्षरात लिहिलंत, "१९७४, पोटनिवडणूक, विजयी." मग म्हणालात, "पेन्सिलीनं लिहिलंय. मी सांगतो म्हणून धरून चालू नकोस. म्हाताऱ्या माणसाची आठवण आहे, चुकू शकते. कुठंतरी छापलेलं सापडू दे, मग पेनानं लिही. नाही सापडलं तर पुसून टाक, मला राग नाही येणार."

पन्नास वर्षं ती निवडणूक तुमच्या डोळ्यांसमोर आहे. लाखेने सील केलेल्या पत्र्याच्या मतपेट्या, शाळेच्या खोलीत कंदिलाच्या उजेडात काढलेली आदली रात्र, सकाळी सगळ्यात आधी आलेल्या म्हाताऱ्या बाईच्या बोटाला शाई लावताना कापलेला तुमचा हात, हे सगळं तुम्ही मला काल घडल्यासारखं सांगितलंत. अशा माणसाने "माझं तपासून घे" म्हणावं! ज्यांनी मला परत पाठवलं, त्यांच्या बोलण्यात एवढा ठामपणा होता, आणि तुम्ही पेन्सिल घेऊन आलात. मी पडवीतच रडले. तुम्ही पाण्याचा तांब्या पुढे सरकवलात आणि काहीच विचारलं नाहीत, त्याबद्दलही आभार.

त्या एका ओळीने माझा प्रबंधच बदलला. आधी ते दोन पराभव मी तळटिपेत टाकणार होते. तुम्ही म्हणालात, "जिंकलेली सालं सगळे लिहितात. तू हरलेली लिही." मग मी १९७२ कडे नव्याने पाहिलं. आमदारकी गेली त्याच वर्षी महाराष्ट्रावर दुष्काळ कोसळला. दुष्काळी कामांवर खडी फोडणारी माणसं, त्यांना खायला मिळणारी सुकडी, परदेशातून आलेली मिलो ज्वारी, हे सगळं तुमच्या तोंडून ऐकलं आणि पुस्तकांतून ताडून घेतलं. ज्या तालुक्यातले शेतकरी खडी केंद्रावर उभे होते, त्या तालुक्यातून दोन वर्षांनी तोच हरलेला माणूस पुन्हा निवडून आला. पाण्याचा प्रश्न त्यांनी आयुष्यभर का सोडला नाही, दुष्काळी भागाच्या पाण्यासाठी भरणाऱ्या आटपाडीच्या पाणी परिषदेत स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडींच्या बरोबरीने ते का उभे राहिले, कापूस न पिकणाऱ्या सांगोल्यात सहकारी सूतगिरणी उभी करायचा ध्यास का घेतला, याचे धागे मला त्या दोन वर्षांत सापडले. माझं मत कुणाला पटेल, कुणाला नाही. मला ते मनापासून पटलेलं आहे.

आणि १९९५. पराभव १९२ मतांनी. "हा आकडा अक्षरीसुद्धा लिही," असं तुम्ही बजावलंत. एकशे ब्याण्णव. मतपत्रिकांचे गठ्ठे हाताने मोजले जायचे तो काळ. तेहेतीस वर्षांच्या राजकारणानंतर माणूस एवढ्याशा मतांनी घरी बसतो आणि १९९९ ला, सत्तरी ओलांडल्यावर, पुन्हा लोकांसमोर उभा राहतो, निवडून येतो, मंत्री होतो. पुढे २०१४ पर्यंत तीन वेळा जिंकतो. सलग अकरा लिहिलं असतं तर यातलं काहीच उरलं नसतं. मग लिहिण्यासारखं तरी काय होतं?

गुरुजी, आबासाहेब ३० जुलै २०२१ ला गेले, तेव्हा सगळीकडे त्यांच्या साधेपणावर लिहून आलं. साधेपणा म्हणजे एसटी आणि पांढरे कपडे, असंच मीही धरून चालले होते. तुम्हाला भेटल्यावर वाटलं, असा आमदार इतकी वर्षं टिकतो तो तुमच्यासारख्यांच्या जिवावर. मतपेटी डोक्याखाली घेऊन झोपलेले मास्तर, एका मताचाही हिशेब चुकू न देणारे कारकून, आपलं चुकू शकतं हे मान्य करणारी माणसं. यांचे पुतळे होत नाहीत, यांच्यावर कुणी प्रबंधही लिहीत नाही. तुम्ही आबासाहेबांना मत दिलं होतं का, हे मी तीन दुपारी तुमच्याकडे बसूनही विचारलं नाही आणि तुम्हीही सांगितलं नाहीत. ड्युटी केलेल्या माणसाने ते सांगू नये, असं तुम्हाला वाटत असणार. तेही मला फार आवडलं.

चुहात्तरची पोटनिवडणूक छापलेली सापडली, गुरुजी. जुन्या वर्तमानपत्रांच्या बांधीव फायलीत, धुळीने हात काळे झाल्यावर. तुमची आठवण चुकली नव्हती. वहीत पेनाने लिहिलं, पण खालच्या ओळीवर. तुमची पेन्सिलीची ओळ तशीच ठेवली आहे.

येत्या रविवारी दुपारी प्रत घेऊन येते. 'दोन पराभव' हे प्रकरण आधी वाचा, आणि पेन्सिल हाताशी ठेवा.

तुमची,
पडवीतली विद्यार्थिनी