जप्तीपत्रकावर गुन्हा क्रमांक आधीच कसा?

संपादक महोदय,

आरोपी निर्दोष सुटल्याची बातमी आली की इंदुरात राजवाड्यापासून रामबागेपर्यंत एकच सूर निघतो: पोलीस मिळालेले असणार. पुष्कळदा गोष्ट त्याहून साधी असते. जप्ती करणारा हवालदार पिंजऱ्यात उभा राहतो आणि बचावाचा वकील त्याच्याच हातचा कागद त्याच्यापुढे धरतो.

चाकूची केस घ्या. जप्तीपत्रकावर वेळ दुपारी 4 ची, एफआयआर नोंदवली संध्याकाळी 6 ला, आणि जप्तीपत्रकाच्या डोक्यावर गुन्हा क्रमांक, त्याच शाईत, त्याच ओघात. हा क्रमांक तर एफआयआर नोंदवल्यावरच पडतो, मग चार वाजता तो आला कुठून? एक तर कागद ठाण्यात बसून केला, नाहीतर क्रमांक मागाहून घातला. मागाहून घालायलाही हरकत नाही, फक्त शेजारी वेळ टाकून तसं लिहावं आणि सरतपासणीतच, म्हणजे सरकारी वकिलाच्या प्रश्नांना उत्तर देतानाच, सांगून मोकळं व्हावं. उलटतपासणीत कबूल करावं लागलं की तीच खरी गोष्ट लबाडीसारखी दिसते.

रोजनामचा सान्ह्याचंही, म्हणजे ठाण्याच्या रोजच्या नोंदवहीचंही, तेच. रवानगी आणि वापसीची नोंद चालानासोबत (दोषारोपपत्रासोबत) नसेल, तर साहेब त्या वेळी त्या चौकात होते याला त्यांच्या शब्दापलीकडे आधार नाही. चाकू सीलबंद केला म्हणता, मग सीलचा नमुना कुठे आहे? मालखान्यात, म्हणजे जप्त माल ठेवायच्या ठाण्यातल्या खोलीत, कधी जमा झाला? पात्याची लांबी-रुंदी मोजून लिहिली नसेल, तर हे शस्त्र कायद्यातलं हत्यार की भाजी चिरायची सुरी, इथेच केस अडते.

केस डायरी, म्हणजे तपासाची रोजची नोंद, आरोपीला मागता येत नाही. मात्र अधिकाऱ्याने पिंजऱ्यात ती चाळून आठवण ताजी केली, की तेवढा भाग बघायचा हक्क बचावाला मिळतो (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम 192). ती आदल्या संध्याकाळी वाचून यावी, एवढंच.

तपास अधिकाऱ्याची साक्ष तर अनेकांना नुसता उपचार वाटते. साक्षीदार कोर्टात म्हणतो, ‘लाल शर्टाचं मी पोलिसांना सांगितलंच नव्हतं.’ पोलिसांनी लिहिलेल्या त्याच्या जबाबात मात्र ते असतं. पोलिसांपुढचा जबाब हा स्वतः पुरावा नव्हे, त्यावर साक्षीदाराची सहीही घ्यायची नसते (कलम 181). त्यातल्या नेमक्या ओळीवर ‘ए ते ए’ अशी खूण करून ती साक्षीदाराला दाखवतात. तो नाकारतो. मग तपास अधिकाऱ्याला विचारावं लागतं: हे त्याने तुम्हाला सांगितलं होतं का? हा एक प्रश्न राहून गेला, तर विसंगती कोर्टाच्या लेखी सिद्धच होत नाही.

1 जुलै 2024 पासून झडती-जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं आहे (कलम 105). झालं ते उत्तमच. आता मोबाइलमधली वेळ आणि कागदावरची वेळ यांत तफावत निघाली, तर बचावाला कष्टच पडायचे नाहीत. बदली झालेल्या अधिकाऱ्याच्या जागी आलेला अधिकारी आता कागदांबाबत साक्ष देऊ शकतो (कलम 336). जप्ती होताना तो तिथे नव्हता, हे त्याने पहिल्याच वाक्यात सांगावं.

एक फौजदारी वकील, इंदूर