पत्रकावर नाव मंचाचं, पेनड्राइव्ह उमेदवाराच्या ऑफिसचा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

माझी तालुक्याच्या गावी छोटी ऑफसेट प्रेस आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, पतसंस्थेचे अहवाल आणि निवडणूक लागली की पत्रकं, 26 वर्षं हेच करतोय. तुमच्या पेपरात उमेदवारांच्या खर्चाचे आकडे छापून येतात, ते वाचलं की 2024 च्या विधानसभेच्या वेळचा प्रकार आठवतो आणि गप्प बसवत नाही म्हणून लिहितोय.

20 नोव्हेंबरला मतदान होतं. त्याच्या आठवडाभर आधी एका उमेदवाराची 5 हजार पत्रकं छापली, रीतसर बिल, त्याच्या प्रतिनिधीची सही, सगळं व्यवस्थित. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एक पोरगा आला, म्हणाला आमच्या नागरिक मंचाची 15 हजार पत्रकं टाकायचीत, कॅश देतो, उद्या सकाळी पाहिजेत. पेनड्राइव्ह लावला तर फोल्डर तोच, आदल्या दिवशीच्या पत्रकाची कोरलची (डिझाइनच्या सॉफ्टवेअरची) फाइल वर आणि मंचाची खाली! एका गावाचं नाव आदल्या दिवशी चुकीचं टाइप झालं होतं, मी दुरुस्त करून छापलं होतं, इथे तीच चूक पुन्हा. आणि प्रूफ ओके करायला व्हॉट्सॲप करा म्हणून जो नंबर दिला तो उमेदवाराच्या ऑफिसचाच, माझ्या फोनमध्ये आधीच सेव्ह होता.

आता कायदा काय म्हणतो ते प्रेसवाल्याला पाठच असतं. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 127 अ. पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता पाहिजे, प्रकाशकाने दोन प्रतींत घोषणापत्र द्यायचं, त्याला ओळखणाऱ्या दोघांनी त्यावर सह्या करायच्या, आणि आम्ही छापलेल्या पत्रकासोबत ते कलेक्टर ऑफिसला पाठवायचं. किती प्रती, किती पैसे घेतले तेही कळवायचं. नाही केलं तर सहा महिने कैद किंवा 2 हजार दंड, किंवा दोन्ही. मी ते केलं. मंचाच्या पोराने सही केली, दोन साक्षीदार आणले, मी पाठवून दिलं. पुढे काय झालं? काहीच नाही, कोणी साधा फोनसुद्धा केला नाही.

निकालानंतर 30 दिवसांत उमेदवाराने हिशोब द्यायचा असतो आणि एक रुपया फी भरून तो कोणालाही बघता येतो, हे फार लोकांना माहीतच नाही. मी जाऊन बघितला. माझं 5 हजार प्रतींचं बिल त्यात होतं. 15 हजारांचं कुठेच नाही. विधानसभेला मर्यादा 40 लाखांची आहे, माझ्या एका पत्रकाने ती ओलांडली असं मी म्हणत नाही, पण असे मंच, अशी मित्रमंडळं, फेसबुकवर निवडणुकीपुरती उगवणारी पेजेस, शुभेच्छुकांचे फ्लेक्स, हे सगळं एकत्र मोजलं तर 40 लाखांना काही अर्थ राहतो का?

उमेदवाराला विचारलं की ठरलेलं उत्तर, आमचा काही संबंध नाही, कार्यकर्त्यांनी प्रेमाने केलंय. अहो, पण कायद्यात त्या प्रेमालासुद्धा जागा ठेवलेली नाही! उमेदवाराने लेखी परवानगी दिली असेल तर तो खर्च त्याच्या हिशोबात आला पाहिजे, आणि दिली नसेल तर पैसे खर्च करणाऱ्यावर भारतीय न्याय संहितेच्या कलम 176 खाली गुन्हा होतो. दोन्हीतलं एक काहीतरी खरं असणारच ना? पण या गुन्ह्याला शिक्षा म्हणजे फक्त दंड, जास्तीत जास्त 10 हजार, जुन्या आयपीसीत तर 500 रुपये होता. एवढा दंड कोणीही खिशातून काढून देईल.

सुप्रीम कोर्टाने हे 50 वर्षांपूर्वीच ओळखलं होतं. दिल्ली सदर मतदारसंघातली अमरनाथ चावलांची निवडणूक ऑक्टोबर 1974 मध्ये रद्द केली, न्या. भगवतींचा निकाल आहे, की पक्षाने किंवा मित्रांनी केलेला खर्च उमेदवाराला माहीत आहे, तो फायदा घेतोय आणि नको म्हणत नाही, तर ती त्याचीच संमती धरायची. किती साधी गोष्ट! त्याच महिन्यात वटहुकूम काढून सरकारने ती निकामी केली, पक्षाने वा इतरांनी केलेला खर्च उमेदवाराचा नाही म्हणून. ती सूट 2003 ला काढली, आता मुख्यतः पक्षाच्या नेत्यांच्या प्रवासापुरती राहिलीय. म्हणजे मित्रमंडळाला आज कायद्यात आडोसा नाही, तरी सगळे असल्यासारखे वागतात.

माझा पुतण्या न्यू जर्सीत असतो, तो सांगत होता तिकडे सुपर पॅक नावाच्या बाहेरच्या गटांना कितीही खर्च करायची मुभा आहे, फक्त तो उमेदवाराच्या टीमशी ठरवून करायचा नाही. तिथेही पळवाटा भरपूर आहेत, पण 2015 मध्ये व्हर्जिनियातल्या एका प्रचारप्रमुखाला दोन वर्षांची कैद झाली, कारण उमेदवाराचा प्रचार तोच बघत होता आणि सुपर पॅकमधून सव्वातीन लाख डॉलरच्या जाहिराती पण तोच लावत होता. माझ्याकडे आलेला प्रकार आणि हा, दोन्हींत मला तरी फरक दिसत नाही.

माझी मागणी एवढीच आहे की प्रेसवाल्यांनी पाठवलेली 127 अ ची घोषणापत्रं कपाटात न ठेवता उमेदवाराच्या हिशोबाशेजारी वेबसाइटवर टाकावीत, गावातला कोणीही पोरगा तासाभरात ताडून बघेल, त्याला खर्च निरीक्षक कशाला पाहिजे. आणि दंडाची रक्कम खर्च केलेल्या पैशांच्या काही पट करावी.

त्या 15 हजारांतलं एक पत्रक, घोषणापत्राची झेरॉक्स आणि प्रूफ ओके केल्याचा मेसेज माझ्याकडे आहे. ज्यांचं हे काम आहे त्यांच्यापैकी कोणी आलं तर दाखवायची माझी तयारी आहे.

आपला,
एक प्रेसचालक