'बाबा कसे गेले?' हे कुणी विचारलेच नाही

संपादक महाशय,

तरुण मुलगा मैदानावर किंवा जिन्यात कोसळून गेल्याच्या बातम्या आपल्या पत्रात अधूनमधून येतात. कारण एकच लिहिलेले असते, हृदयविकाराचा झटका. वाचले की मला आमचे कुळागर दिसते. बाबा तिथेच पोफळींना पाणी सोडताना गेले, वय 43. मग 1988 साली दादा गेला, सुपारीचे पोते घेऊन चढण चढताना. तो 31 वर्षांचा होता. गावात म्हणाले, राखणदार कोपला. आईने देवळात कौल लावला. इस्पितळाने दाखल्यावर झटका लिहिला. 'याचे वडील कसे गेले?' हे तिथे कुणी विचारले नाही.

त्याच काळात अमेरिकेत बोस्टनला डॉ. क्रिस्टीन साइडमन या हृदयतज्ज्ञ हाच प्रश्न एका घराण्याला विचारत होत्या. पती जोनाथन अनुवंशशास्त्रज्ञ, दोघांची प्रयोगशाळा एक. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतातल्या या मोठ्या घराण्यात पिढ्यानपिढ्या हृदयाची भिंत जाड होई आणि माणसे अकस्मात जात. या आजाराला हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी म्हणतात. त्या घरातल्या आजारी आणि धडधाकट अशा दोघांचेही रक्त तपासून, दोष 14व्या गुणसूत्रावर आहे हे 1989 मध्ये त्यांच्या गटाने दाखवले. पुढच्याच वर्षी जनुकही सापडले. हृदयाचा स्नायू ज्याच्या जोरावर आकुंचन पावतो त्या मायोसिन प्रथिनाचे ते जनुक, आणि त्या प्रथिनात 403व्या जागेवरचा एक घटक तेवढा बदललेला! (असा दोष शोधताना गुणसूत्रावर जनुकांमधली अंतरे काढावी लागतात, त्याचे 1944 सालचे एक सूत्र आपल्या गोव्यात जन्मलेल्या दामोदर कोसंबींच्या नावाने ओळखले जाते. मी वर्षानुवर्षे विज्ञान शिकवले, पण हे निवृत्तीनंतर कळले. मुलांना सांगायचे राहून गेले.)

पुढे साइडमन दांपत्याच्या प्रयोगशाळेने तोच दोष उंदरांत उतरवला. हे हृदय दुबळे नसते, उलट गरजेपेक्षा जास्त जोराने आवळले जाते. तो जोर कमी करणारे औषध उंदरांत लागू पडल्याचे 2016 मध्ये जाहीर झाले, त्या संशोधनातही बाई होत्या. 2022 मध्ये मॅव्हाकॅम्टेन या नावाने त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. जनुकापासून गोळीपर्यंत 32 वर्षे एका बाईने हा धागा सोडला नाही, याचे मला फार मोल वाटते.

आमच्याकडे तो प्रश्न 2019 मध्ये आला. दादाच्या मुलाला घेरी आली, तेव्हा एका तरुण डॉक्टरने विचारले, "घरात कोण लहान वयात गेलंय?" टूडी इकोत, म्हणजे ध्वनिलहरींनी हृदयाचे चित्र काढणाऱ्या तपासणीत, हृदयाची भिंत 21 मिलिमीटर निघाली, 12 च्या वर गेली की डॉक्टर सावध होतात. आज भाचा औषधावर आहे, कामावर जातो. आई किंवा वडिलांना हा दोष असला तर प्रत्येक मुलात तो उतरण्याची शक्यता निम्मी. माझा इको चांगला आला. भाच्याच्या मुलीचाही आला, पण भिंत पुष्कळदा वयात येताना जाड होऊ लागते, म्हणून तिला पुन्हा पुन्हा न्यावे लागते.

माझी मागणी एवढीच. तरुण माणूस अकस्मात गेला की इस्पितळाने दाखला हातात देताना त्याच्या भावंडांची आणि मुलांची नावे लिहून घ्यावीत आणि त्यांना इकोसाठी बोलवावे. सुई नाही, दुखत नाही. आमच्या घरातली सात माणसे तपासायला एक दुपार लागली.

(भाच्याच्या मुलीचा विचार करून माझे नाव छापू नये.)

एक निवृत्त शिक्षिका, बांदोडा, फोंडा